पहिल्या वेलांटीपासून मेंदूपर्यंत: कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सचा प्रयोग रचायचा कसा

प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की माझ्या टेबलापाशी दरवर्षी तेच वाक्य येतं, "मॅडम, मला मेंदूवर काहीतरी करायचंय." मेंदूवर म्हणजे कशावर, असं विचारलं की उत्तर येतं स्मरणशक्ती, भावना, आणि हल्ली हमखास "मोबाइलचा मेंदूवर होणारा परिणाम". यातला एकही प्रयोगाचा विषय नाही. एकेका विषयात माणसं अख्खं आयुष्य घालवतात.

मी सांगलीत पदवीच्या मुलांना मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं शिकवते. आमच्याकडे एमआरआय नाही, ईईजी नाही. एक खोली आहे, काही जुने संगणक आहेत आणि वाचता येणारी भरपूर माणसं आहेत. एवढ्यावर कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समधला, म्हणजे मन आणि मेंदू यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शास्त्रातला, खरा प्रयोग उभा राहतो, कारण यंत्राचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी प्रश्न, मग प्रश्नाचे तुकडे, मग तुलना. तुलना चुकली तर कोट्यवधींचं यंत्र चुकीचं उत्तर छान रंगीत करून देतं, एवढंच.

खाली एकच प्रश्न घेऊन चालते. तुमचा प्रश्न वेगळा असेल, पण वाट हीच आहे.

प्रश्न

"विडा" हा शब्द बघा. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या डोळ्यांना आधी पहिली वेलांटी भेटते, मग "व". तोंडातून मात्र आधी व्यंजन बाहेर पडतं आणि मग इकार. "वाडा"मध्ये असा उलटा कारभार नाही. काना उजवीकडे असतो आणि उच्चारातही मागूनच येतो. दुसरी वेलांटीही उजवीकडे. मात्रा वर, उकार खाली. व्यंजनाच्या आधी येऊन बसणारी पहिली वेलांटी एकटीच. मग ती वाचताना मेंदूला काही जादा काम पडतं का?

प्रश्न माझा नाही. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लिहिण्याचा आणि उच्चारण्याचा क्रम जुळत नाही असे शब्द वाचायला वाचकांना जास्त वेळ लागत होता. मराठीत हे करून बघायला कोणाची हरकत नसावी. चांगल्या पहिल्या प्रोजेक्टची हीच खूण आहे: कोणीतरी एका भाषेत, एका गटावर काही दाखवलेलं असतं आणि तुम्ही शेजारच्या घरात तेच तपासता. नवा शोध लावायची घाई नको. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा मोठा अहवाल आला, त्यात जेमतेम ३६ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निकाल पुन्हा मिळाला. जुनंच नीट करून बघणारे हात या शास्त्राला कमी पडतात.

तुकडे

आता "वाचणं" हा एक शब्द बाजूला ठेवा. पडद्यावर शब्द दिसल्यापासून तोंडातून आवाज येईपर्यंत काय काय व्हावं लागतं? रेघा आणि वळणं दिसावी लागतात. त्यांतून अक्षरं ओळखावी लागतात. ओळखीचा शब्द असेल तर तो आठवणीतून उचलला जातो, अनोळखी असेल तर अक्षराला अक्षर जोडून उच्चार बनवावा लागतो. मग ओठ, जीभ आणि श्वास यांना हुकूम जातो. या पायऱ्यांना बोधात्मक प्रक्रिया म्हणतात. त्या थेट कोणालाच दिसत नाहीत. दिसतात दोन गोष्टी: वागणं (किती वेळ लागला, चूक झाली का) आणि मेंदूतल्या खुणा (वीज, रक्तातला प्राणवायू, इजा). या दोन दिसणाऱ्या गोष्टींवरून मधल्या न दिसणाऱ्या पायऱ्यांचा अंदाज बांधणं हा या शास्त्राचा धंदा. त्याचं नावही फार जुनं नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गॅझानिगा आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर न्यूयॉर्कच्या एका टॅक्सीत मागच्या सीटवर बसले असताना ते सुचलं, असं गॅझानिगा सांगत.

तुकडे केल्याचा फायदा लगेच मिळतो. वेलांटीची अडचण अक्षर जोडण्याच्या पायरीवर येत असेल, तर ज्यांत ही पायरी टाळता येत नाही अशा शब्दांत ती जास्त दिसली पाहिजे. म्हणजे बनावट शब्दांत. "दिवा" आपण अख्खा ओळखतो. "टिमा" कोणी कधी पाहिलेला नाही, तो जोडूनच वाचावा लागतो. तेव्हा भाकीत असं: "टिमा" आणि "टामा" यांतला फरक "विडा" आणि "वाडा" यांतल्या फरकापेक्षा मोठा असेल. हे वाक्य वहीत तारखेसह लिहा. निकाल हाती आल्यावर सुचलेलं भाकीत हे भाकीत नसतं.

वजाबाकी

१८६८ साली नेदरलँड्समधल्या युट्रेक्टचे फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी विचाराला लागणारा वेळ मोजायची युक्ती प्रसिद्ध केली. एका कामात ऐकू येणारं अक्षर आधीच माहीत असे. ते ऐकलं की लगेच म्हणायचं. दुसऱ्यात अनेक अक्षरांपैकी कुठलंही येई आणि जे येईल ते म्हणायचं. तिसऱ्यात अनेक येत, पण ठरलेलं आलं तरच बोलायचं. (ते ठरलेलं अक्षर "कि" होतं. आपल्या विषयाशी हा निव्वळ योगायोग.) तिसऱ्या कामाच्या वेळातून पहिल्याचा वेळ वजा केला की आवाज ओळखायला लागलेला वेळ उरतो. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की उत्तर निवडायला लागलेला.

या वजाबाकीवर आजही आमचा संसार चालतो. तिच्यातली खोट मात्र डोंडर्स यांच्यानंतर लवकरच लक्षात आली. एक पायरी वाढवली की बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहतात, हे गृहीतच आहे. काम अवघड झालं की माणूस जास्त सावध होतो आणि सगळ्याच पायऱ्या बदलतात. म्हणून वजा करायची दोन कामं शक्य तितकी सारखी हवीत, आणि ज्याचा प्रश्न आहे तेवढंच वेगळं हवं. ऐकायला सोपं वाटतं. मराठी शब्द घेऊन बसलात की घाम फुटतो.

शब्दांच्या जोड्या

इथे घाई करू नका. माझ्या मते प्रोजेक्टचे निम्मे गुण इथे आहेत.

पहिला विचार येतो तो पहिली वेलांटी विरुद्ध दुसरी वेलांटी. एका बाजूला दिवा, विडा, हिरा आणि दुसऱ्या बाजूला खीर, वीट, जीभ. आवाज जवळपास सारखा, फरक फक्त वेलांटी कुठल्या बाजूला आहे याचा. पण आपलं शुद्धलेखन आडवं येतं. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असलं की त्याआधीची वेलांटी सहसा दीर्घ, म्हणून "खीर". शेवटी काना आला की ती ऱ्हस्व, म्हणून "हिरा". त्यामुळे दीर्घ गटातले शब्द एका झटक्यात उच्चारले जातात, ऱ्हस्व गटातल्यांचे दोन तुकडे पडतात. उद्या फरक सापडला तर तो वेलांटीच्या जागेमुळे की उच्चाराच्या लांबीमुळे, सांगता येणार नाही. याला गोंधळ घालणारा घटक म्हणतात. तो आकडेमोडीच्या वेळी नाही, आत्ता काढायचा असतो.

म्हणून काना घ्या. विडा–वाडा, मिशी–माशी, शिळा–शाळा, दिवा–दावा, विटा–वाटा. दोन्ही शब्दांत व्यंजनं तीच, अक्षरं दोन, उच्चाराचे तुकडे दोन. सुरुवातीचं व्यंजन एकच असण्याचा आणखी एक फायदा आहे. "म"चा आवाज माइकला हळूहळू कळतो, "ट"चा एकदम. जोडीत व्यंजन एकच असेल तर ही गडबड वजाबाकीत निघून जाते.

तरी काम संपलेलं नाही. "शाळा" रोजचा शब्द, "शिळा" त्या मानाने दुर्मीळ, आणि तोही दोन अर्थांचा: शिळा भात आणि दगडाची शिळा. "दिवा–दावा"मध्ये उलटं, तिथे वेलांटीवाला जास्त ओळखीचा. आणि "विटा" म्हटलं की आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना भिंतीच्या आधी तालुक्याचं गाव आठवतं. ओळखीचे शब्द लवकर वाचले जातात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यात पक्क्या निष्कर्षांपैकी एक आहे. म्हणून प्रयोगात भाग न घेणाऱ्या वीसेक जणांना सगळे शब्द मिसळून द्या आणि प्रत्येक शब्द किती ओळखीचा वाटतो त्याला १ ते ७ गुण द्यायला सांगा. ज्या जोडीत फार तफावत असेल ती गाळा. शेवटी दोन्ही गटांची सरासरी सारखी यायला हवी. पंचवीस-तीस जोड्या उरल्या तर भाग्य समजा. बनावट शब्दांच्या जोड्याही तितक्याच करा, आणि त्यातला एखादा कुठल्या बोलीत शिवी तर नाही ना, हे चार वेगवेगळ्या भागांतल्या मुलांना आधी दाखवून घ्या. हसणारा सहभागी पुढचे पाच शब्द नीट वाचत नाही.

मांडणी

प्रयोग पडद्यावर चालवायला सायकोपाय किंवा ओपनसेसमी घ्या, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. देवनागरीत मात्र एक सापळा आहे. काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं तोडतात आणि पहिली वेलांटी चक्क व्यंजनाच्या उजवीकडे छापतात. आपला तर प्रयोगच त्या वेलांटीवर! तेव्हा सगळे शब्द एकाच फाँटमध्ये, एकाच आकारात चित्र म्हणून साठवा आणि पडद्यावर चित्रच दाखवा.

एका फेरीत इतकंच: मधोमध अधिकचं चिन्ह अर्धा सेकंद, मग शब्द, सहभागीने तो मोठ्याने वाचायचा, मग एक सेकंद मोकळा पडदा. आवाज साध्या तारेच्या माइकने रेकॉर्ड करा. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि उशीर दर वेळी सारखाही नसतो. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे तुमचा शब्द १६.७ मिलिसेकंदांच्या ठोक्यावरच उमटू शकतो. आपण शोधतोय तो फरक काही मोजक्या मिलिसेकंदांचा असू शकेल, म्हणून हा ठोका माहीत हवा आणि फेऱ्या भरपूर हव्यात. शब्द पडद्यावर आल्यापासून आवाज सुरू होईपर्यंतचा वेळ हे आपलं मोजमाप.

प्रत्येकाने दोन्ही प्रकारचे शब्द वाचायचे. एका गटाने वेलांटीचे आणि दुसऱ्याने कान्याचे, असं केलंत तर माणसामाणसांतला वाचनाच्या वेगाचा फरक सगळं गिळून टाकेल. क्रम प्रत्येकासाठी वेगळा, चिठ्ठ्या टाकल्यासारखा. पण "विडा"नंतर लगेच "वाडा" येऊ देऊ नका. जोडीतला एक पहिल्या भागात आणि दुसरा दुसऱ्या भागात ठेवा, आणि अर्ध्या सहभागींसाठी भाग उलटे करा. सुरुवातीला सरावाचे दहा-बारा शब्द, जे नंतर मोजायचे नाहीत.

माणसं कोण घेणार? "मराठी मातृभाषा" एवढं पुरत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा घरी अस्खलित मराठी बोलतो आणि देवनागरी वाचताना अडखळतो. माध्यम, रोजचं मराठी वाचन, चष्मा आणि वय हे सगळं नोंदवा. नाव नोंदवू नका, क्रमांक द्या. संमतीपत्र मराठीत, सोप्या भाषेत, आणि "मध्येच उठून गेलात तरी चालेल" हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं मराठी संमतीपत्र लिहिण्याआधी वाचून ठेवा. "फक्त शब्द वाचायचेत, परवानगी कसली?" हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नका.

किती जण घ्यायचे, हा प्रश्न सगळे विचारतात आणि "तीस" हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. तीसमध्ये जादू नाही. फरक जितका लहान, तितकी माणसं आणि फेऱ्या जास्त. २०१३ साली कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांचा हिशेब केला, तेव्हा असलेला परिणाम पकडण्याची त्या अभ्यासांची क्षमता मध्यकाने २१ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे खरा फरक असला तरी पाचातल्या एकाच अभ्यासाला तो सापडणार. वाईट याहून पुढे आहे: अशा लहान अभ्यासात जो फरक सापडतो तो बहुधा खऱ्यापेक्षा फुगलेला असतो.

आकडे

चुकीचं वाचलेलं, खोकला आलेलं, माइकने न पकडलेलं काढा. २०० मिलिसेकंदांच्या आतलं उत्तरही काढा, इतक्या वेळात कोणी शब्द वाचून बोलत नाही. वरची मर्यादा काय ठेवायची ते आधी ठरवा आणि लिहून ठेवा. आकडे बघत बघत मर्यादा सरकवायला लागलात की हवा तो निकाल निघतो. हे टाळायला ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर आपला आराखडा आधीच नोंदवता येतो, पैसे लागत नाहीत.

मग प्रत्येक सहभागीची वेलांटीच्या शब्दांची मध्यक वेळ काढा, कान्याच्या शब्दांची काढा, वजा करा. सगळ्यांचे फरक शून्यापेक्षा वेगळे आहेत का, हे जोडीच्या टी-चाचणीने बघा. इथवर बहुतेक जण पोहोचतात. पुढची पायरी विसरतात: तेच गणित शब्दांवरही करा. शब्दसुद्धा नमुनाच आहेत. तुम्ही निवडलेल्या जोड्यांतल्या दोन-तीन विचित्र जोड्यांनी सगळा फरक पाडला असेल, तर निष्कर्ष त्या शब्दांपुरता आहे, मराठीपुरता नाही. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ साली हा मुद्दा ठासून मांडला. आता माणसं आणि शब्द दोन्ही एकाच वेळी धरणारी मिश्र प्रारूपं वापरतात. "आर" ही आकडेमोडीची संगणकभाषा येत असेल तर ती प्रारूपं शिका.

आता यंत्रं

समजा फरक सापडला. आता मेंदूकडे जाता येईल, आणि प्रत्येक यंत्राला आपला वेलांटीचाच प्रश्न विचारायचा.

ईईजी टाळूवरून विजेच्या लहरी टिपतं. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. याचं बळ वेळेत आहे, मिलिसेकंदाला मिलिसेकंद. लिखित शब्द दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांना डोक्याच्या मागच्या बाजूला, डावीकडे जास्त, एक ऋण लहर दिसते. अर्थ जुळत नसेल तर ४०० मिलिसेकंदांच्या सुमाराला दुसरी मोठी होते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८० साली दाखवली. तेव्हा आपला प्रश्न असा: विडा आणि वाडा यांच्या लहरी कधी वेगळ्या होतात? १७०लाच, म्हणजे अक्षरं ओळखताना? की पुढे, उच्चार जोडताना? नुसत्या प्रतिक्रियावेळेत हे कळत नाही, तिथे फक्त शेवट दिसतो.

एका शब्दाला मिळणारा प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टचा, आणि पापणी मिटली तर शंभरावर. वर भिंतीतल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलताशांच्या पलीकडे कोणीतरी पुटपुटतंय आणि ते ऐकायचंय, असा प्रकार. त्यामुळे तीच फेरी पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढतात. १०० फेऱ्यांची सरासरी घेतली की गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो. मोठ्याने वाचलं तर जबड्याचे स्नायू लहरी बुडवतात, म्हणून मनात वाचायला सांगून अधूनमधून प्रश्न विचारायचा. आणि सहभागींना आदल्या दिवशी निरोप द्या: केस धुऊन या, खोबरेल लावून येऊ नका. तेलावर जेलचा संपर्क नीट येत नाही आणि टोपी बसवण्यातच तास जातो.

ईईजीची मर्यादा जागेची. टाळूवरची तीच नोंद मेंदूतल्या अनेक वेगवेगळ्या स्रोतांमधून येऊ शकते, गणिताने एकच उत्तर निघत नाही. "डाव्या बाजूच्या इलेक्ट्रोडला लहर दिसली" याचा अर्थ "डाव्या बाजूच्या मेंदूने काम केलं" असा लगेच होत नाही.

जागेसाठी एफएमआरआय. काम करणाऱ्या भागाकडे प्राणवायूने भरलेलं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण वेगळे असतात, म्हणून चुंबकात हा बदल दिसतो. सेजी ओगावा यांनी १९९० साली हे उंदरांत दाखवलं, १९९२पासून माणसांवर वापर सुरू झाला. दोन-तीन मिलिमीटरच्या घनाइतकी जागा कळते, पण रक्त सावकाश येतं. प्रतिसादाचं शिखर पाच-सहा सेकंदांनी. एवढ्या वेळात तुमचा वाचक विडा, वाडा आणि मिशी वाचून मोकळा.

आणि आता डोंडर्स परत येतात. मेंदूच्या चित्रातला लाल ठिपका म्हणजे "इथे काम चालू आहे" असं नव्हे. सगळा मेंदू सतत काम करत असतो. ठिपका म्हणजे दोन स्थितींची वजाबाकी. शब्द वजा रिकामा पडदा केलंत तर दृष्टीचा अख्खा मागचा भाग पेटेल, त्याला वाचन म्हणता येत नाही. शब्द वजा अक्षरांसारखी दिसणारी खोटी वळणं केलंत तर डाव्या मेंदूच्या खालच्या-मागच्या बाजूची छोटी पट्टी उरेल. लॉरां कोएन आणि स्तानिस्लास दहान यांनी २०००च्या सुमाराला तिला दृश्य शब्दरूपाचा भाग म्हटलं, आणि तो खरंच फक्त शब्दांचा आहे का यावर अजून भांडणं आहेत. विडा वजा वाडा केलंत तर कदाचित काहीच उरणार नाही. तीन चित्रं, तीच माणसं, तेच यंत्र. म्हणून कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी चित्राच्या आधी पद्धतीचा भाग उघडते आणि बघते, कशातून काय वजा केलंय.

दुसरी गोष्ट घनांची. मेंदूचे एक लाख घन आणि प्रत्येकावर योगायोगाने चुकायची पाच टक्के मुभा असलेली चाचणी, म्हणजे काहीही नसताना पाच हजार ठिपके. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाची भावना ओळखायला सांगितलं. अनेक चाचण्यांची दुरुस्ती न करता गणित केल्यावर माशाच्या मेंदूत "सक्रिय" घन सापडले. दुरुस्ती केली, गायब झाले. २०१२चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) त्यांना मिळालं. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हसतात, पण दुरुस्तीचं कलम मग विसरत नाहीत.

ठिपका दिसला तरी तो भाग त्या कामासाठी लागतोच, हे सिद्ध होत नाही. तो बरोबरीने चालणारा असू शकेल. गरज कळते ती इजा झाल्यावर. १८८७ साली पॅरिसमधल्या एका शिकल्यासवरलेल्या गृहस्थाला अचानक वाचता येईना. बोलणं ठीक, वस्तू ओळखणं ठीक, लिहिणंसुद्धा ठीक, फक्त स्वतः लिहिलेलं वाचता येत नव्हतं. अक्षर बोटाने गिरवलं तर ओळखता यायचं. झ्यूल देजरीन यांनी त्याला तपासलं, आणि १८९२ साली तो गेल्यावर मेंदू पाहिला. डाव्या मेंदूचा मागचा भाग आणि दोन अर्धांना जोडणाऱ्या पुलाचं मागचं टोक खराब झालं होतं. अक्षरं दिसत होती, पण भाषेच्या भागापर्यंत पोहोचत नव्हती.

एका रुग्णावरून मात्र सावध राहायचं. वाचन गेलं आणि वस्तू ओळखणं राहिलं, याचा अर्थ वाचन जास्त अवघड आहे एवढाच असू शकतो. उलटा रुग्णही सापडला तर वाद मिटतो. त्याला दुहेरी विलगता म्हणतात. जॉन मार्शल आणि फ्रेडा न्यूकोम यांनी १९७३ साली वाचनाच्या दोन्ही वाटा अशाच वेगळ्या काढल्या: काही रुग्ण अक्षरं जोडून वाचतात आणि अनियमित इंग्रजी शब्दांत फसतात, काहींना ओळखीचे शब्द येतात पण बनावट शब्द मुळीच जोडता येत नाहीत. मराठीत अनियमित शब्द कुठून आणायचे? "च" आहे ना. "चार"मधला आणि "चाक"मधला "च" लिहायला एक, उच्चारायला दोन. कुठला कधी, हे शब्द ओळखल्याशिवाय कळत नाही. पक्षाघातानंतर वाचन बिघडलेल्या मराठी रुग्णाला "चाक" आणि "टिमा" दोन्ही वाचायला दिले तर त्याची कुठली वाट शाबूत आहे याचा अंदाज येईल. हे काम वाचा-उपचारतज्ज्ञांबरोबर करायचं, रुग्णाकडे वही घेऊन एकट्याने जायचं नाही.

टीएमएसबद्दल थोडक्यात. टाळूवर धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय धक्का देऊन मेंदूचा छोटा भाग क्षणभर विस्कळीत करता येतो. अँथनी बार्कर यांनी १९८५ साली शेफिल्डला याची सुरुवात केली. कारण आणि परिणाम जोडायला उत्तम. पण अपस्मार असलेल्यांना धोका असतो, त्यामुळे प्रशिक्षित माणसं आणि डॉक्टर यांच्याशिवाय नाही.

बातमी वाचताना

"अमुक बघताना भीतीचं केंद्र पेटलं, म्हणजे लोक घाबरले" अशी बातमी दिसली की थांबा. बातमीतलं "भीतीचं केंद्र" म्हणजे मेंदूतला अमिग्डाला हा भाग. तो भीतीत सक्रिय होतो, पण आनंदाच्या, नवलाईच्या आणि नुसत्या लक्षवेधी गोष्टींतही होतो. ठिपक्यावरून भावना ओळखणं म्हणजे उलटं अनुमान. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ साली त्यावर सविस्तर लिहिलं. आपल्या वेलांटीलाही हे लागू आहे. उच्चाराशी जोडलेला भाग उजळला, म्हणून वाचक उच्चार जोडतच होता, असं नाही.

यंत्र नसेल तर

परवानगीने यंत्र वापरायला मिळेल अशा जागा आहेत: बंगळुरूची निमहान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र (तिथे नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने हिंदी-इंग्रजी वाचकांवर एफएमआरआयचं काम केलंय), अलाहाबाद विद्यापीठातलं वर्तन आणि बोधविज्ञान केंद्र, कानपूर आणि गांधीनगरच्या आयआयटी. पत्र लिहिताना "मला मेंदूत रस आहे" असं लिहू नका. आपला वर्तनाचा प्रयोग, जोड्यांची यादी आणि आकडे पाठवा.

तोपर्यंत फुकट मिळणाऱ्या नोंदींवर हात बसवा. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर एफएमआरआयचे संच आहेत. ईईजीसाठी ईआरपी कोअर नावाचा संच घ्या, ४० तरुणांच्या नोंदी आहेत. त्यातला शब्दांच्या जोड्यांचा प्रयोग उतरवून घ्या, एमएनई-पायथॉन किंवा ईईजीलॅब या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, पापण्यांचे झटके काढा, आणि असंबंधित शब्दांच्या सरासरीतून संबंधित शब्दांची सरासरी वजा करा. ४०० मिलिसेकंदांच्या आसपास, डोक्याच्या मध्यावर आणि जरा मागे, खड्डा दिसला पाहिजे. खड्ड्याऐवजी टेकडी दिसली तर घाबरण्याआधी उभा अक्ष तपासा. काही प्रयोगशाळा जुन्या रिवाजाने ऋण बाजू वर छापतात. अक्ष बरोबर असेल आणि तरी टेकडीच असेल, तर बहुधा वजाबाकी उलटी केलीय.